रेकॉर्डर पुन्हा पुन्हा चिरकतात? आधी उजवा अंगठा बघा

पहिले तीन आठवडे छान जातात. बी, ए, जी हे तीन स्वर होतात, दोन-तीन छोट्या चाली वाजवून होतात, मुलं खूश, आपणही खूश. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात उजवा हात आणायचा, ई शिकवायला घ्यायचा, की वर्गातून एकदम 'चीं' उठते. आपण थांबवतो, समजावतो, आठवडाभरात जरा बरं होतं. डी घेतला की पुन्हा चीं. मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा चीं. खालच्या सी बद्दल तर विचारूच नका.

(रेकॉर्डर म्हणजे उभी धरून चोचीतून फुंकायची बासरी. ध्वनिमुद्रणाचं यंत्र नव्हे. दर वर्षी कुणीतरी पालक हे विचारतातच, म्हणून सांगून टाकते.)

पहिली दोन वर्षं मी यावर एकच औषध देत होते: "हळू फुंका." ते लागू पडतंय असं वाटायचंही, कारण मुलं हळू फुंकायची आणि चिरकणं थांबायचं. त्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी होती. बोटं अगदी नेमकी, एकदाही चिरकली नाही. मी तिचं दोनदा कौतुक केलं. एके दिवशी सहज तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, ती फुंकतच नव्हती. चिरकलं की सगळे वळून बघतात, त्यापेक्षा नकोच, असा तिचा साधा हिशेब. माझ्या 'हळू फुंका'नं तिला एवढंच शिकवलं होतं.

नंतर लक्षात आलं की चिरकण्याचं मूळ बहुतेक वेळा फुंकरीत नसतं, गळतीत असतं. कुठलं तरी भोक पुरतं झाकलेलं नसतं. आणि उजवा हात आला की ही गळती का सुरू होते, याचं कारण पहिल्याच आठवड्यात होऊन गेलेलं असतं. तेव्हा ते ऐकू येत नाही, इतकंच.

आत काय घडतं

चोचीतल्या अरुंद फटीतून हवेचा चपटा झोत निघतो आणि समोरच्या खिडकीच्या धारेवर जातो. धारेच्या कधी वरून, कधी खालून असा तो हेलकावत राहतो आणि नळीतली हवा कंप पावते. भोकं नीट झाकलेली असली की तो सगळा हवेचा स्तंभ एकसंध थरथरतो आणि अपेक्षित स्वर मिळतो. वरच्या अंगाला कुठे बारीकशी फट राहिली की त्याला तसं थरथरणं जमत नाही. तो उडी मारून साधारण दुप्पट कंपनांवर जातो, म्हणजे आवाज एक सप्तक चढतो. तीच आपली 'चीं'.

गंमत म्हणजे मुरलेले वादक हेच मुद्दाम करतात. वरच्या सप्तकातले स्वर काढताना ते मागचं, डाव्या अंगठ्याचं भोक नखाएवढं उघडं ठेवतात. आपला तिसरीतला मुलगा तेच तंत्र वापरतोय, फक्त त्याला ते माहीत नाही आणि आपल्याला ते नकोय.

आता मोजून बघा. बी वाजवताना दोनच भोकं झाकायची असतात, ए ला तीन, जी ला चार. ई ला सहा, डी ला सात आणि खालच्या सी ला आठच्या आठ. जितकं खाली जावं तितक्या गळतीच्या जागा वाढतात, आणि खालच्या स्वरांना फुंकरही मऊच लागते, त्यामुळे जरा जोर झाला तरी स्वर वर उडतो. 'हळू फुंका'नं आवाज खालीच राहतो हे खरं, पण तो पोकळ आणि उतरलेला येतो. गळती जिथल्या तिथे असते. पुढच्या तासाला मूल रंगात आलं, फुंकर वाढली, की पुन्हा चीं.

उजव्या अंगठ्याची भानगड

बी, ए, जी हे तिन्ही डाव्या हाताचे स्वर. या तीन आठवड्यांत उजव्या हाताला काम नसतं. मग मूल काय करतं? रेकॉर्डरचं खालचं टोक मुठीत धरतं. छान घट्ट बसतं, डावा हात मोकळा राहतो, स्वर स्वच्छ येतात. आपण बघतो आणि काही बोलत नाही, कारण वाजतंय ना!

ई आला की ती मूठ सोडावी लागते, कारण बोटं भोकांवर न्यायची असतात. आता वाद्याचा भार कुणी घ्यायचा? तो येतो डाव्या अंगठ्यावर. डाव्या अंगठ्याचं काम भोक झाकायचं, पण आता त्यानं पेलायचंही. तो जरा तिरका होतो, जरा सरकतो, मागचं भोक केसभर उघडतं. आणि आपण मात्र बघत असतो उजव्या हाताच्या बोटांकडे, कारण नवीन तीच आहेत. चोरी डाव्या घरात आणि झडती उजव्या घराची.

म्हणून पहिल्या तासापासून, अगदी पहिला बी वाजवतानाच, उजवा अंगठा वाद्याच्या खाली हवा. साधारण उजव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या भोकांच्या मागे. उजवी बोटं भोकांच्या वर, बोटभर अंतरावर अधांतरी. अंगठ्याच्या जागी एक फुगीर गोल स्टिकर चिकटवा, म्हणजे न बघता जागा सापडते. सगळा खर्च तेवढाच.

जमलंय का ते बघायची एक परीक्षा आहे. रेकॉर्डर ओठांत, उजवा अंगठा खाली, आणि डावा हात पूर्ण काढून घ्यायचा. वाद्य खालचा ओठ आणि उजवा अंगठा यांच्यावर निवांत टेकून राहिलं पाहिजे. हलकासा डुलला तर चालेल. दात रोवून धरावं लागत असेल तर अंगठ्याची जागा चुकली आहे, बहुधा फार खाली गेलाय. पुढे वरचा डी येतो तेव्हा याचा पुन्हा उपयोग होतो. तो स्वर फक्त डाव्या मधल्या बोटावर वाजतो, डावा अंगठासुद्धा सुटलेला असतो. ज्यांची उजवी बाजू पक्की नसते त्यांच्या हातून वाद्य तिथे अक्षरशः निसटतं.

वर्ग आधीच घसरलेला असेल तर सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. ई बाजूला ठेवा, एक आठवडा पुन्हा बी-ए-जी वरच थांबा, मात्र मुठीत धरणं बंद आणि उजवे अंगठे वाद्याखाली. मुलं कुरकुरतात. "हे तर आम्हाला येतं," म्हणतात. म्हणू द्या.

बोटावरचा ठसा

गळती शोधायला मला सापडलेला सर्वांत खात्रीचा उपाय कानाचा नाही, डोळ्याचा आहे.

सगळ्यांना जी धरायला सांगायचं. फुंकायचं नाही. भोकं जरा जोरात दाबायची, पाच आकडे मोजायचे, मग हात उलटा करून बोटं बघायची. भोकाच्या कडेचा गोल बोटावर उमटलेला असतो. पेराच्या मांसल भागावर, मधोमध, पूर्ण वर्तुळ दिसलं तर ठीक. अर्धचंद्र दिसला तर गळती तिथेच. ठसा अगदी टोकाला, नखाजवळ असेल तर ते मूल बोट कमानीसारखं वाकवून टोकानं झाकतंय, बोट आडवं पडायला हवं.

एका मुलाचा ठसा आठवतो. तर्जनीवर गोल, मधल्यावर गोल, अनामिकेवर नुसती एक कोर, तीही कडेला. त्यानं स्वतःच ती बघितली आणि म्हणाला, "बाई, माझी पौर्णिमा झालीच नाही." तेव्हापासून आमच्या वर्गात कुणी चिरकलं की शेजारचा हळूच विचारतो, "अमावस्या?" हसतात, बोट सरकवतात, पुढे चालू.

डाव्या हाताची अनामिका ही नेहमीची आरोपी. ती आखूड पडते, एकटी हलायला तयार नसते. मनगट थोडं बाहेर काढलं की तिला लांबी मिळते. अंगठ्याचा ठसा थोडा तिरका, नखाच्या बाजूला आला तरी हरकत नाही, पण वर्तुळ पूर्ण हवं. नखं वाढली असतील तर कापून यायला सांगणं, याशिवाय त्यावर दुसरा इलाज नाही.

हे दाबणं फक्त तपासणीपुरतं, हे मात्र दर वेळी बजावून सांगा. वाजवताना कुणी असं दाबू लागलं की हात ताठरतात आणि ताठर बोट नेमकं जागेवर पडत नाही. उलट तपासणीसाठी दुसरा खेळ घ्या: न फुंकता, जी धरून अनामिका भोकावर चटकन आपटायची. भोकं नीट बंद झाली तर बारीकसा 'टप' ऐकू येतो, त्याला चक्क स्वरही असतो. फट असेल तर तो टप फुसका निघतो.

कुठून गळतंय, ते कानानं

चिरकण्याचे प्रकार असतात, आणि महिनाभर लक्ष दिलं तर पाठमोरं उभं राहूनही ओळखता येतात.

स्वर सुरू होतानाच क्षणभर 'चिक्' होतं आणि पुढे व्यवस्थित लागतो, तेव्हा बोटं आणि जीभ एकत्र येत नाहीत. जीभ आधी सुटते, बोट मागून पोचतं. "बोटं आधी, जीभ मग" हे तोंडपाठ करून घ्या. शिवाय बरीच मुलं 'टू' म्हणून स्वर सुरू करतात, त्यात हवेचा फटका बसतो. 'दू' म्हणा. आपला द आपोआप मऊ पडतो, जीभ दाताला हलकेच लागून सुटते.

स्वर उंच उडाला आणि उंचच राहिला, तर डावा अंगठा किंवा डाव्या हाताचं एखादं बोट. जिथे मुद्दाम जोर लावलेला ऐकू येतो तिथेच फक्त फुंकरीबद्दल बोला. 'हळू' हा शब्द मी टाकून दिलाय. तळहात तोंडासमोर धरा आणि काचेवर वाफ धरायला सोडतो तसा ऊबदार श्वास सोडा, एवढंच सांगते. घसा मोकळा होतो आणि हवा सावकाश येते.

दोन स्वर एकदम भांडल्यासारखा गुरगुरता आवाज आला तर बहुधा उजव्या हाताकडे गळती आहे. डी वाजवताना आवाज चिरकत नाही पण थोडा चढा येतो, हा प्रकार वेगळाच. बऱ्याच रेकॉर्डरवर शेवटची दोन भोकं जोडभोकं असतात. लहान बोट त्यातलं एकच झाकतं आणि डी ऐवजी अर्धा स्वर वरचा डी शार्प वाजतो. मूल बिचारं बरोबर फुंकत असतं.

आणि आवाज घोगरा, खरखरीत, सर्दी झाल्यासारखा येत असेल तर बोटांना सोडा, तिथे पाणी आहे. श्वासातली वाफ थंड प्लास्टिकवर जमते आणि चोचीतली फट तुंबते. खिडकीवर बोट ठेवून एकदा जोरात फुंकलं की ती मोकळी होते. वाजवण्याआधी वरचा भाग दोन-तीन मिनिटं मुठीत किंवा काखेत धरून ऊबदार केला तर पाणी मुळात कमीच जमतं. तासानंतर आतून पुसणं, अधूनमधून कोमट साबणाच्या पाण्यानं धुणं आणि दुसऱ्याचं वाद्य तोंडाला न लावणं हे ओघानं आलंच.

चाळीस जण एकदम वाजवतात, तेव्हा कोण हे कसं कळणार

कळत नाही. म्हणून साखळी करा. मिनिटाला ६० ठोक्यांची लय धरा, पहिल्या बाकापासून प्रत्येकानं दोन ठोके एकच स्वर वाजवायचा, लगेच पुढच्यानं. चाळीस मुलं ८० सेकंदांत होतात. लय तोडायची नाही, चिरकलं तरी थांबायचं नाही, कुणी वळायचं नाही. मी हातात बसण्याचा आराखडा धरून नुसत्या खुणा करते: अंगठ्यासाठी एक, अनामिकेसाठी एक, पाण्यासाठी एक. नंतर फिरताना त्याच बाकांपाशी थांबते. मागच्या बाकावरच्या त्या मुलीसारखी न फुंकणारी मुलंही साखळीत आपोआप सापडतात, आणि प्रत्येकाची पाळी दोनच सेकंदांची असल्यामुळे त्यांचा धीर सुटत नाही.

बाकी वेळी निम्मा वर्ग वाजवतो आणि निम्मा हनुवटीवर. हनुवटीवर म्हणजे चोच ओठांत न घेता हनुवटीला टेकवायची, बोटं खरीखुरी हलवायची आणि स्वरांची नावं तोंडानं गायची. आपण बोलत असताना मध्येच पिपाण्या वाजवण्याचा जो उपद्रव असतो, तोही यानं निम्म्यावर येतो. पूर्ण कधीच जात नाही.

सगळे एकत्र वाजवतात तेव्हाची कर्कशता ही पुष्कळदा चिरकणं नसतेच. सोप्रानो रेकॉर्डरचा, म्हणजे शाळेत वाजवतात त्या छोट्या रेकॉर्डरचा, बी सेकंदाला साधारण ९८८ कंपनांचा. एकाचा ९८८ आणि शेजाऱ्याचा ९९४ असेल तर सेकंदाला सहा वेळा आवाज फुगतो आणि बसतो. असे चाळीस जण एका खोलीत! फुंकर वाढली की स्वर चढतो, हवा तापली की चढतो. नळीतली हवा एक अंशानं तापली तर जवळपास ३ सेंट, आणि १०० सेंटचा एक अर्धा स्वर. सुरुवातीला सगळ्यांनी वाद्यं गरम करून घ्यायची, मग जी एकत्र लावायचा. फारच चढा असेल त्यानं वरचा भाग एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढायचा. याहून जास्त मागे लागू नका.

मुलांचा दोष नसतो तेव्हा

एफ घेतला आणि निम्माच वर्ग बेसूर झाला, तर आधी वाद्यं उलटीपालटी करून बघा. रेकॉर्डर दोन प्रकारचे मिळतात, बरोक आणि जर्मन. जर्मन पद्धत १९२० च्या दशकात पीटर हार्लान या वाद्यनिर्मात्याकडून आली. तिच्यात एफ सोपा आहे: डावा हात पूर्ण आणि उजवी तर्जनी, बस्स. बरोकवर त्याच बोटांनी एफ वाजवला तर तो एफ आणि एफ शार्पच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. तिथे उजवी अनामिका आणि करंगळीही लावावी लागते. ओळखायचं कसं? पुढून वरून मोजत चौथं आणि पाचवं भोक बघा. चौथं लहान असेल तर बरोक, पाचवं लहान असेल तर जर्मन. नव्यानं घ्यायचे असतील तर सगळ्यांना बरोकच घ्यायला सांगा. जर्मनवर एफ सोपा झाला तरी एफ शार्प अवघडून बसतो, आणि पुढे तोच जास्त लागतो.

याच एफ वर आणखी एक घोळ होतो, आणि तो माझ्या बराच उशिरा लक्षात आला. मी गायनातून शिकवते, जी ला सा धरून. मग ए रे होतो, बी ग, खाली ई ध आणि डी प. मुलं पटकन उचलतात. पण या हिशेबानं एफ हा कोमल नी होतो. शुद्ध नी हवा तर एफ शार्प वाजवावा लागतो. मूल बरोबर बोटांनी बरोबर एफ वाजवतं, त्याच्या कानात सा-नी-सा मधला शुद्ध नी असतो, आणि ते म्हणतं, "बाई, हा चुकतोय." मग फुंकर वाढवून स्वर ओढायला जातं आणि चिरकतं. तिथे बोटं, श्वास, वाद्य सगळं ठीक असतं. आधी तो कोमल नी गाऊन घ्या, मग वाजवायला द्या.

सुट्टीनंतर

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला पहिली दहा मिनिटं कुणी फुंकत नाही. डावा हात सोडून दाखवायची परीक्षा, ठसे, हनुवटीवर जुनी चाल, मग साखळी, तीही बी वर. मुलांची बोटं दरम्यान वाढलेली असतात. जूनमध्ये ज्याचा अर्धचंद्र होता त्याचा आता पूर्ण गोल येतो, आणि जो नीट वाजवत होता त्याचा अंगठा पुढे सरकलेला असतो, तेव्हा स्टिकर हलवावा लागतो.

खालचा सी मी पहिल्या वर्षी शिकवतच नाही. ज्याची करंगळी पोचते तो स्वतःच येऊन वाजवून दाखवतो. तुकडे सुटे होणारा रेकॉर्डर असेल तर खालचा तुकडा थोडा करंगळीकडे फिरवून देते, तेवढ्यानं आणखी चार-पाच जणांची पोचते. बाकीच्यांना बी पासून डी पर्यंत पुरेसं आहे.